ऑर्थोग्राफीवाले बाळारामदादा

बाळारामदादा भोईर माझ्या छापखान्यात शिरताना चपला बाहेर काढतात. इतक्या वर्षांत माझ्या छापखान्यात दुसऱ्या कुणी चपला काढल्याचं मला आठवत नाही. मी स्वतःही काढत नाही. आत जमिनीवर शाईचे डाग, कागदाचे कपटे आणि कटिंग मशीनखाली कायमचा साचलेला भुगा असतो. दादांना त्याचं काही नाही. ते चपला उंबऱ्याबाहेर जोडीनं लावतात, मागच्या नळावर हात धुतात, रुमालानं आधी हात आणि मग माझ्या समोरची खुर्ची पुसतात, आणि बसता बसता विचारतात, "काय भाऊ, आज कोनाची ऑर्थोग्राफी हाय?"

म्हणजे, आज कुणाचं प्रूफ निघालंय.

दादांना माझ्याकडचा नोकर म्हणावं तर पगार नाही. गिऱ्हाईक म्हणावं तर त्यांनी आजवर साधं व्हिजिटिंग कार्डही छापून घेतलेलं नाही. भिवंडीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा छापखाना आहे आणि दादा येतात दापोड्याहून, चांगल्या लांबलचक गाडीतून. ड्रायव्हर गाडी कुणाच्या तरी दारात आडवी लावतो आणि गल्लीभर शिव्या खात बसतो. दादा आत येऊन लोकांच्या लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं, सोसायट्यांच्या नोटिसा आणि वाढदिवसाचे फ्लेक्स फुकटात तपासतात. जिथं एके काळी त्यांची भातशेती होती, तिथं आता त्यांची गोदामं उभी आहेत. गोदामांचं भाडं आपोआप येतं, त्याला दादांची मदत लागत नाही. मग वेळेचं करायचं काय? दुसरा कुणी असता तर बैलगाड्यांच्या शर्यती बघत फिरला असता. दादांनी माझा जीव खायचं ठरवलं.

माझी डीटीपी ऑपरेटर शबाना आधी त्यांना घाबरायची. पोरगी मराठी टाइप करते ती बंदुकीच्या वेगानं, आणि वेगात काना-मात्रा सांडणारच. दादा सुताराची चपटी पेन्सिल घेऊन बसले की तिचा हात आखडायचा. पण दादा कधी तिच्यावर आवाज चढवत नसत. चूक दिसली की पेन्सिलीनं अगदी बारीक गोल करायचा आणि म्हणायचं, "शबाना, हा बघ, जरा वाकडा बसलाय." जणू अक्षरच दमून खुर्चीत वाकडं बसलंय. पुढं पुढं शबानाच दार उघडलं की म्हणायला लागली, "लो सेठ, ऑर्थोग्राफी आ गयी."

आता या शब्दाची गोष्ट सांगायला हवी. दादांच्या एका गोदामात कुठल्याशा कंपनीनं लहान मुलांच्या खेळण्यांचा माल ठेवला होता. युरोपात विकायचा, परत आलेला, असा काहीतरी. कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि उरलेली खोकी तिथंच राहिली. आत अक्षरांच्या चौकोनी सोंगट्या, आणि खोक्याच्या बाजूला खेळाचं नाव वेगवेगळ्या भाषांत एकाखाली एक छापलेलं. दादांना त्यातली एकही भाषा येत नाही. पण त्यांच्या ध्यानात आलं की ही सगळी नावं दिसायला सख्खी आहेत. कुणाला शेपूट जास्त, कुणाला कमी, पण नाकडोळा एकच. त्यांनी चौकशी केली. उत्तर आलं की हा मुळात ग्रीकांचा शब्द, सरळ आणि लिहिणं असे दोन तुकडे जोडून केलेला, आणि अर्ध्या युरोपानं तो आपापल्या घरी नेला.

बस. त्या दिवसापासून दादांना दुसरा विषय सुचला नाही.

त्यांचं व्याख्यान मला पाठ आहे. "फ्रेंचानं त्यातला एच ठेवला. इटलीवाल्यानं टाकला. स्पेनवाल्यानं टाकला आनि वर एक टिंब्यासारकी रेघ काढली. पोलंडवाल्याला बी एच नको व्हता. पन भाऊ, या एका एचवरनं कोन कोनाच्या दारात भांडाला जेला न्हाय." मग थोडं थांबून, गुपित सांगावं तसं, "जर्मनाची गंमत हाय. त्याच्या घरात या शब्दाला निराळं नाव हाय. पन पावना आयला का तो बी ऑर्थोग्राफीच बोलतो."

मी एकदा म्हटलं, दादा, आपल्याकडे शुद्धलेखन हा चांगला शब्द आहे की. तर त्यांचा चेहरा उतरला. शुद्धलेखन म्हटलं की त्यांना शाळेतली छडी आठवते. गुरुजी तळहातावर मारायचे आणि वर म्हणायचे, तुमच्या जिभेलाच शुद्ध वळण नाही तर हाताला कुठून येणार. "शुद्ध बोलला का समोरचा अशुद्ध झाला," दादा म्हणाले. "ऑर्थोग्राफीत कोनाला बाट न्हाय लागत. सरळ लिवायचं, यवढंच." मी पुन्हा तो शब्द त्यांच्यासमोर काढला नाही.

पुढं पुढं त्या शब्दात त्यांनी काय वाटेल ते कोंबायला सुरुवात केली. चहात साखर कमी पडली की चहाची ऑर्थोग्राफी बिघडली. गाडी तिरकी लागली की ड्रायव्हरची ऑर्थोग्राफी कच्ची. कुणाच्या मुलीला स्थळ आलं आणि मुलगा जरा जास्तच गोड बोलला की दादा मान हलवत, "न्हाय, त्याची ऑर्थोग्राफी मना बरोबर वाटत न्हाय." समोरच्या लूमवरचा एक कामगार तर त्यांच्या बोलण्यातलं नुसतं ऑर्थो ऐकून मुरगळलेलं मनगट घेऊन आत आला. दादांनी त्याला ग्रीकांपासून पोलंडपर्यंत सगळं समजावून सांगितलं, आणि मग आपल्या गाडीत घालून खऱ्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तो बिचारा आजही त्यांना डॉक्टरसाब म्हणतो.

दादांच्या गाडीच्या डिकीत पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश कायम असतो. एकदा वडप्याच्या नाक्यावर ट्रॅफिक तुंबलं होतं आणि पुढच्या ट्रकच्या फाळक्यावर ‘पुना भेटु’ असं लिहिलेलं होतं. दुसऱ्यानं काच वर केली असती. दादा डबा घेऊन उतरले, फाळक्याखालच्या पट्टीवर चढले आणि कामाला लागले. तेवढ्यात ट्रॅफिक सुटलं. ट्रकवाल्याला काय पत्ता की मागं एक भोईर लटकतोय. दादांचा ड्रायव्हर हॉर्न बडवत मागं, आणि हॉर्न ऐकून ट्रकवाला अजूनच जोरात. पडघ्याला ट्रक चहाला थांबला तेव्हा दादा खाली उतरले. सगळा शर्ट पांढरा झालेला. ट्रकवाल्यानं आधी चोर म्हणून हात उगारला, मग काय प्रकार आहे ते कळल्यावर पोट धरून हसला आणि भजी खाऊ घातली. मी नंतर दादांना विचारलं, भीती नाही वाटली? ते म्हणाले, वाटली, पण ‘न्ह’ अर्धा सोडून उतरणार कसा?

तर असे हे दादा. मला त्यांचा वैताग यायचा आणि ते आले नाहीत तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. खरं सांगायचं तर त्यांनी माझा धंदा अनेकदा वाचवला आहे, आणि तो वेलांट्यांमुळे नव्हे.

आमच्या तालुक्यात लग्नपत्रिका म्हणजे अर्ध्या गावाची मतदारयादी असते. वर देव, मग कैलासवासी, मग काका, मामा, आत्या, मावश्या, मग समस्त भाऊबंद, आणि सगळ्यात खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरंटोरं. यातलं एक नाव जरी गळलं तरी त्या घरातलं माणूस मांडवात पाय ठेवत नाही. पुढं त्यांच्याकडचं लग्न निघालं की ते तुमचं नाव गाळून फेड करतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं. भांडणाचं मूळ कारण लोक विसरतात, पण पत्रिका कुणी छापली होती ते कुणी विसरत नाही. मी जन्माचा भांडणाला भिणारा माणूस, आणि नेमका या धंद्यात पडलो.

दादांना तालुक्यातली निम्मी घराणी तोंडपाठ. ते वेलांट्या तपासता तपासता माणसं मोजत. एकदा पडघ्याकडच्या एका घराची पत्रिका वाचताना त्यांची पेन्सिल थांबली. नवऱ्या मुलाची आत्या कुठंच नव्हती. नवरा वारल्यावर ती माहेरी येऊन राहिलेली होती, आणि भावजयीशी तिचं पटत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. दादांनी माझ्याच फोनवरून मुलाच्या बापाला फोन लावला आणि अगदी साधेपणानं सांगितलं की तुमच्या ऑर्थोग्राफीत एक आत्या गळली आहे. मग तो म्हणाला, हो, राहूनच गेलं, घाला. ती आत्या लग्नात मिरवत होती असं मला नंतर कळलं.

फोन ठेवून दादा मला म्हणाले, "वेलांटी चुकली तर वाचनारा समजून घेतो, भाऊ. मानूस गळला तर कोन समजून घेनार?"

मला वाटायचं की हा त्यांचा विरंगुळा आहे. माणसाला बायको नाही, मूलबाळ नाही, घरात बसून करणार काय. शबानाचं निरीक्षण वेगळं निघालं. एका दुपारी दादा गेल्यावर ती म्हणाली, "सेठ, एक बात बोलूँ? दादा पत्रिका हातात घेतात ना, तर वरून नाही वाचत. पहले दुल्हन का नाम देखते हैं. मग देव."

मी दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. खरंच होतं. नवीन पत्रिका आली की दादांची नजर गणपतीवरून सरळ खाली उतरायची, मुलीच्या नावावर टेकायची, आणि मग ते सैल होऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे.

दापोड्याचा एक गिऱ्हाईक भेटला तेव्हा मी आडून चौकशी केली. गोष्ट गावभर माहीत होती, फक्त मलाच नव्हती. दादांना एक धाकटा भाऊ आहे, गजानन. बाप गेल्यावर दादांनीच त्याला वाढवला, त्याचं लग्न लावलं. शेती होती तोवर सगळं एका चुलीवर चालायचं. गोदामं आली, वाटण्या झाल्या, आणि ट्रक आत जायच्या रस्त्याच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून दोघांचं बिनसलं. आधी वकील, मग कोर्ट. दोन बंगल्यांच्या मधे भिंत उभी राहिली आणि बोलणं संपलं. गजाननची मुलगी रसिका दादांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. त्या परक्या खोक्यावरची नावं एकेक करून मोबाईलवर शोधणारी आणि काकाला त्यांचा अर्थ सांगणारी ती हीच. तेव्हा ती शाळेत होती. भिंतीनंतर तिचं येणं बंद झालं. आता तिचा साखरपुडा झाला होता, दादांना न बोलावता, आणि भिवंडी भागातल्या पत्रिका बहुतेक माझ्याकडेच छापायला येतात.

एवढं कळल्यावर माझी झोप गेली. कारण गजानन भोईर एक ना एक दिवस माझ्या दारात येणार होता.

तो आलाच. चेहरा थेट दादांचा, फक्त हसू काढून घेतलेला. मजकूर त्यानं टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. मी वाचला. चुलत काका होते, लांबचे मामा होते, मुंबईचे कुणी व्याही होते. बाळाराम भोईर नव्हते. मी घसा साफ केला आणि जमेल तितक्या भोळेपणानं म्हणालो की थोरल्या काकांचं नाव राहिलेलं दिसतंय.

"राहिलं न्हाय," गजानन म्हणाला. "ठेवलं न्हाय."

काम परत करावं तर तो दुसऱ्या छापखान्यात जाणार. करावं तर रोज समोर बसणाऱ्या माणसाच्या नाकासमोर ते करायचं. मी नेहमीप्रमाणे सोपा रस्ता धरला आणि होकार दिला.

मग आमची लपवाछपवी सुरू झाली. शबानानं ती पत्रिका ‘बारसं’ नावाच्या फाईलमध्ये ठेवली. त्या आठवड्यात हायवेवरच्या एका ढाब्याचं मेनूकार्ड आलं होतं. शबानानं ते मुद्दाम चुकांनी भरून टाकलं. पनीर चार तऱ्हेनं लिहिलेलं होतं, कोल्हापुरीचे सगळे ऱ्हस्वदीर्घ उलटे, आणि गुलाबजामला कुठून तरी अनुस्वार. दादा ते घेऊन बसले आणि दुपारभर हरखून गेले. मधूनच शबानाला विचारत, बाय, तुझी तब्येत बरी हाय ना? ती मान खाली घालून हो म्हणायची. मला हसू येत होतं आणि मी सारखा घड्याळाकडेही बघत होतो, कारण गजानन संध्याकाळी प्रूफ बघायला येणार होता आणि ते प्रूफ आम्ही आतल्या टेबलावर वजनाखाली झाकून ठेवलं होतं.

दादा पाणी प्यायला उठले. पाण्याचा माठ त्याच टेबलाशेजारी आहे हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते बराच वेळ आले नाहीत म्हणून मी आत गेलो. त्यांच्या हातात प्रूफ होतं. नेहमी ते ओठ हलवत वाचतात, आज ओठ मिटलेले होते. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. एका वेलांटीला गोल केला. एका मावशीचं नाव मामाच्या आधी आलं होतं ते बाणानं खाली आणलं. मग वर आपल्या कैलासवासी वडिलांच्या नावापाशी थांबले. आईचं नाव नव्हतं. बहुतेक पत्रिकांत बापाचं टाकतात आणि आई राहून जाते. दादांनी तिथं आईचं नाव लिहिलं, ठळक, एकेक अक्षर घोटून. आणि पेन्सिल खिशात ठेवून दिली.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. "छाप."

मला राहवलं नाही. मी म्हणालो की दादा, गजाननला फोन लावतो, तुम्ही अख्ख्या तालुक्याला लावता, मग इथं काय हरकत आहे?

"दुसऱ्याचं नाव गळलं तर फोन करता येतो, भाऊ. आपलं गळलंय असं कोन सांगतं?"

त्यांनी बाहेर येऊन चपला घातल्या. शबाना चहा घेऊन उभी होती, तिला हातानंच नको म्हणाले. ड्रायव्हर डुलकी काढत होता, त्याला हाक न मारता ते स्वतःच दार उघडून मागं बसले. त्यानंतर दादा छापखान्यात यायचे बंद झाले.

संध्याकाळी गजाननानं प्रूफ पाहिलं. आईच्या नावावर त्याचं बोट थांबलं. हे कुणी घातलं, असं त्यानं विचारलं. मी खोटं बोलायच्या तयारीत होतो, पण शबानाच म्हणाली की दादांनी. त्यांनी अजून काय लिहिलं, असं त्यानं विचारलं, आणि शबानानं सांगितलं की काही नाही. गजाननानं कागद परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला की असंच छापा, आणि जाता जाता, मांडवाच्या दिवशी जेवायला या दोघं.

मला जायचं नव्हतं. त्या मांडवात बसून माझ्या घशाखाली घास उतरला नसता. पण शबानानं नवीन ड्रेस काढला होता, आणि छापणारा आला नाही की लोक काहीतरी अर्थ काढतात. सकाळीच आम्ही दापोड्याला पोचलो. अंगणात मांडव पडत होता. मेढ, म्हणजे मांडवाचा मानाचा खांब, रोवायला खड्डा तयार होता. त्याच्या शेजारी पाटावर हिरामाय बसली होती.

हिरामाय म्हणजे धवलारीण. आमच्याकडच्या आगरी लग्नात भटजींच्या आधी तिचा मान. तिनं धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय मांडवाचं पान हलत नाही. देवांना आवतण, पितरांना आवतण, मग घरच्यांची नावं एकेक करून ती गाण्यात ओवते, आणि तिची रीत अशी की ज्याचं नाव आलं त्यानं पुढं होऊन मेढीला हात लावायचा. गजाननच्या लग्नात तीच गायली होती. त्याच्या बापाच्या लग्नात तिची आई गायली होती. तिला लिहायला वाचायला येत नाही.

तिनं सूर लावला. देव आले, गावदेवी आली, बाप आला, आई आली. आणि मग कसलाही विचार न करता, गेली कित्येक वर्षं जसं गात आली तसंच, तिनं थोरल्याचं नाव घेतलं. बाळाराम.

कुणीही पुढं आलं नाही. हिरामायनं तीच ओळ पुन्हा म्हटली. तरी नाही. ती थांबली.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. या लोकांनी पत्रिकेतून नाव काढलं होतं, फ्लेक्सवरून काढलं होतं, भाऊबंदांना कानात सांगितलं होतं. गाण्यातून काढायचं मात्र कुणाच्या मनातच आलं नव्हतं. धवलारणीला जाऊन सांगायचं असतं हे सुचणार तरी कुणाला? शबानानं माझी बाही घट्ट धरली होती.

गजानन खाली वाकून हळूच म्हणाला, माय, पुढचं घे.

"पुढं तुजं नाव हाय," हिरामाय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त अडचण सांगत होती. "थोरला आयल्याबिगर धाकट्याचं नाव कसं घेऊ? माज्या तोंडान ते बसत न्हाय बाबा."

रसिका दारातून बाहेर आली. ती नुसती बापाकडे बघत उभी राहिली. गजाननानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी चला बरोबर." मी का, ते विचारायची हिंमत मला झाली नाही. भिंतीला मधे दार नाही, त्यामुळे आम्हाला रस्त्यावरून वळसा घालून जावं लागलं. गजानन वाटेत दोनदा थांबला. कोर्टातली तारीख तोंडावर आली आहे असं काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, हो, पण आधी मेढ. तो पुन्हा चालायला लागला.

दादांच्या बंगल्याचं फाटक उघडं होतं, दारही उघडं होतं. आत दिवाणखान्यात, दाराकडे तोंड करून, एका खुर्चीत दादा बसले होते. पांढरा नवा शर्ट, त्याची दुकानातली घडी अजून तशीच. डोक्यावर टोपी. दाढी केलेली. पायात चपला. मांडीवर नारळ. भिंतीपलीकडून हिरामायचा सूर त्यांनी पहिल्यापासून ऐकला असणार. आम्ही दारात उभे राहिलो तरी ते उठले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस नाही म्हणणार, आणि तसा त्याला हक्कही आहे.

"दादा," गजानन म्हणाला, "माय गानं थांबवून बसलीय."

"ऐकलं."

"मंग चल ना."

"चलतंय रे," दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "पाय उचलत न्हाय. मुंग्या आल्यात."

"कवापासून बसलायस?"

"आंगोळ झाली तवापासून."

गजानन आत गेला, खाली बसून त्यानं दोन्ही हातांनी दादांच्या पोटऱ्या चोळायला सुरुवात केली, जोरजोरात, नाक ओढत. नारळ माझ्या हातात आला. मी नारळ धरून भिंतीकडे बघत उभा राहिलो. काय वाटत होतं ते सांगतो. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटत होतं, आणि रडू येत होतं.

पाय काही लवकर मोकळे होईनात, आणि तिकडं मुहूर्त चाललेला. शेवटी गजाननानं दादांचा हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा हात त्यांच्या कमरेत घातला, आणि दोघं तसेच निघाले. दादा एका पायावर लंगडत होते. रस्त्यावरच्या लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की भोईरांचे दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात हात टाकून येताहेत. मांडवातल्या बायका रडायला लागल्या. कुणीतरी बाजावाल्यांना उठवलं. रसिका धावत पुढं आली आणि दुसऱ्या बाजूनं काकाला धरून राहिली. हिरामायनं मात्र इकडंतिकडं पाहिलंही नाही. जिथं थांबली होती तिथून तिनं सूर उचलला, थोरल्याचं नाव घेतलं, दादांचा हात मेढीला लागला, आणि मग तिनं धाकट्याचं नाव घेतलं.

त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं. शबाना माझ्याकडे बघून हसत होती. पंगत उठली, पानं उचलली, मांडवात गाणी सुरू झाली. पायातल्या मुंग्या एव्हाना केव्हाच गेल्या असणार. तरी दादांचा हात गजाननच्या खांद्यावरच होता, आणि गजाननही तो तसाच घेऊन पाहुण्यांना विडे देत फिरत होता.